डोळे आखणारा : कारागीर की कलाकार?

प्रश्न : लालबागमधल्या गणपतीच्या कारखान्यात मी एकोणीस वर्षं डोळ्यांची आखणी करतोय. वय ४१. सीझनला लहान-मोठ्या मिळून पाचशेच्या वर मूर्ती हाताखालून जातात. बाकीचे महिने दुकानांच्या पाट्या, देवळाची रंगरंगोटी, मिळेल ते. भाचा कला महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. गौरीच्या जेवणाला सगळ्यांसमोर म्हणाला, ‘‘मामा, तुमचं काम भारीच आहे, पण ते क्राफ्ट. आर्ट वेगळं असतं.’’ तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. फावल्या वेळात मी प्लायच्या तुकड्यांवर नुसते डोळे रंगवतो, माणसांचे. पन्नासेक झालेत. त्यांना काय म्हणायचं? कार्डावर ‘आर्टिस्ट’ छापलं तर लोक हसतील का? आणि शेठ म्हणतात, कारखान्याचा डोळा बाहेर काढलास तर ती चोरी. खरं का?
– आखणीवाला, करी रोड

उत्तर :

आधी सरळ सांगतो. मूर्तीवरच्या तुमच्या आखणीत बराचसा भाग कसबाचा आहे आणि थोडा कलेचा. तो थोडा भाग मूर्तीगणिक कमी-जास्त होतो. प्लायवरचे डोळे न बघता त्यांच्यावर शिक्का मारणं बरोबर नाही, पण ते तुम्ही स्वतः कसे तपासायचे ते पुढे देतोय. भाच्यावर रागावू नका. त्याने रेघ ओढली ती ठीक, चुकीच्या जागी ओढली एवढंच.

एक फुटाची घरगुती मूर्ती घ्या. नमुन्याची मूर्ती फळीवर समोर असते. पांढरा भरायचा, सुकू द्यायचा, बुबुळाचा तपकिरी गोल, त्यात काळी बाहुली, मग झीरो नंबरच्या ब्रशने वरच्या पापणीची रेषा नाकाकडच्या कोपऱ्यापासून बाहेर एका दमात, खालची त्याहून बारीक, कोपऱ्यात गुलाबीचा स्पर्श आणि शेवटी चमकेचा पांढरा ठिपका. रंग घट्ट राहिला तर रेषा मध्येच तुटते, पातळ झाला तर बॉडी कलरवर पसरते. दोन्ही ठिपके एकाच बाजूला हवेत. एकाचा दहाच्या काट्यावर आणि दुसऱ्याचा दोनच्या काट्यावर पडला की नजर फुटते. हे अवघड आहे, वर्षानुवर्षांच्या सरावाशिवाय येत नाही. पण डोळा शेवटी कसा दिसणार हे ब्रश उचलायच्या आधीच ठरलेलं आहे. तुमचं काम तिथवर न चुकता पोचण्याचं.

कॉलिंगवुड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९३८ मध्ये नेमका हाच भेद मांडला. कारागिराला वस्तू बनवण्याआधीच ती माहीत असते. कलाकाराला आपण काय करतोय ते करता करता उमगत जातं. भाच्याच्या अभ्यासक्रमात हे कुठल्यातरी रूपात येत असणार. मात्र कॉलिंगवुडने असंही मान्य केलं होतं की एकाच वस्तूत दोन्ही असू शकतात. हा भेद कामातल्या दोन अंगांचा आहे. विद्यार्थी तो माणसांना लावतात आणि घोटाळा होतो.

आता मंडळाची चौदा फुटी मूर्ती. डोळे जमिनीपासून बारा फुटांवर, बघणारा दहा फुटांवर उभा, त्याची नजर पाच फुटांवर. म्हणजे तो साधारण ३५ अंश मान वर करून बघतोय. तुम्ही परांचीवर त्या डोळ्यापासून दीड फुटावर. तिथून सुंदर दिसणारं, मधोमध बसवलेलं बुबुळ खालून पाहिलं की भक्तांच्या डोक्यावरून समोरच्या चाळीकडे बघतं. म्हणून ते खाली उतरवावं लागतं आणि वरच्या पापणीने त्याचा वरचा भाग झाकावा लागतो. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की चेहरा दचकल्यासारखा होतो. मातीत खालची पापणी पुढे आली असेल तर ती खालून डोळ्याचा तळ खाते, मग तिथली रेषा जवळजवळ पुसावीच लागते. शिवाय बुबुळावर चकचकीत वार्निश मारलं आणि मंडपात फोकस खालून लावले, तर तुमच्या ठिपक्याखाली दुसरी, खरी चमक उमटते आणि बाप्पा रडवेला दिसतो. किती उतरवायचं, किती झाकायचं, नजर शांत ठेवायची की रोखलेली, याचा नमुना फळीवर नसतो. दर वेळी परांचीवरून उतरायचं, बघायचं, पुन्हा चढायचं आणि स्वतः ठरवायचं.

जिथे ठरवणं तुमचं आणि जबाबदारीही तुमची, तिथे कला सुरू होते. आमच्या मते एवढी एक कसोटी हातात ठेवली की बाकीचे वाद बरेच सुटतात. भाचा एक ना एक दिवस ड्युशाँ या फ्रेंच कलाकाराच्या मुतारीच्या भांड्याचं उदाहरण देईल, १९१७ सालचं. देऊ दे. त्या भांड्यात ड्युशाँच्या हाताचं काही नव्हतं. विकत आणलेली वस्तू. ती निवडणं, आडवी ठेवणं, खोटी सही ठोकून प्रदर्शनाला पाठवणं, एवढं त्याचं. सगळा निर्णय आणि कसब शून्य. तुमची एक फुटी मूर्ती त्याच्या उलट टोकाला आहे. जगातलं बहुतेक काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतं, भाच्याचं सबमिशनही. गुरुजींनी दिलेली स्टिल लाइफ गुरुजींना आवडेल तशी रंगवणं म्हणजे फळीवरचा नमुनाच की.

‘आर्ट वेगळं’ ही कल्पना फार जुनी नाही, हे त्याला जरूर सांगा. चित्र, शिल्प, संगीत, काव्य, नृत्य यांना वेगळं काढून ‘ललित कला’ असा गट करणं युरोपात रुळलं ते अठराव्या शतकात. बात्यू या फ्रेंच लेखकाने १७४६ मध्ये ती यादी पक्की केली. आपल्याकडच्या चौसष्ट कलांत गायन-चित्रकलेच्या पंगतीला तांदूळ-फुलांची नक्षी, हार गुंफणं, बिछाना रचणं आणि स्वयंपाकही बसलेला आहे. सावंतवाडीला गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवणाऱ्यांना चितारी म्हणत आले. ते कलाकार की कारागीर, हा प्रश्न त्या शब्दाला पडत नाही. ‘कलाकुसर’ हा शब्दच बघा, दोघी एकाच घरात नांदतात.

मुंबईत कला महाविद्यालय म्हटलं की पहिलं नाव जे.जे. स्कूल ऑफ आर्टचं. १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली तेव्हा तिच्या नावात कलेबरोबर उद्योगही होता. कारागीर घडवणं हा मूळ हेतूंपैकी एक. व्हीटी स्टेशनच्या दगडातली पानं-फुलं, प्राणी, जाळ्या यांत इथल्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा आहे. ठरलेल्या जागी, इमारतीच्या आराखड्यात बसेल असं, ऑर्डरचं काम. आज लोक लोकल सोडून त्याचे फोटो काढतात. १८७२ पासून पुढची तेरा वर्षं जे.जे.चे ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला नकला करत होते. पहिल्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीचे खाली झुकलेले, अर्धे मिटलेले डोळे कोणी आखले, त्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. कला शाळेने धडे गिरवले ते असल्या निनावी आखणीवाल्यांचे.

विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात एक बोलकं निरीक्षण आहे : आचार्य रेषेची तारीफ करतात, जाणकार छायेची, बायकांना दागिने आवडतात, बाकीच्यांना भडक रंग. बायकांविषयीचं सोडून द्या. मंडपात मुकुट आणि हार बघून परतणारे पुरुष आपण रोज बघतो. तुमच्या कामापुरतं त्यातलं पहिलं वाक्य घ्या.

आता कायदा. पोटापाण्याचा प्रश्न तिथे अडतो आणि तिथली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. ब्रांकुशी या शिल्पकाराचा ब्राँझचा ‘पक्षी’ १९२६ मध्ये न्यूयॉर्कला उतरला. कस्टमवाल्यांनी तो स्वयंपाकघर आणि इस्पितळाच्या सामानात धरून ४० टक्के कर लावला. कलाकृतीला कर माफ होता. खटला झाला आणि १९२८ मध्ये निकाल शिल्पकाराच्या बाजूने लागला : पक्ष्यासारखा दिसो न दिसो, ही व्यावसायिक शिल्पकाराची मूळ निर्मिती आहे, हिचा काही उपयोग नाही आणि ती सुंदर आहे. तो झगडा पुरता संपला असं मात्र नाही. आजच्या कस्टमच्या दरपत्रकात ९७०१ या शीर्षकाखाली संपूर्णपणे हाताने केलेली चित्रं येतात, पण हाताने रंगवलेल्या किंवा सजवलेल्या तयार वस्तू त्यातून वगळल्यात. तोच हात, तोच झीरोचा ब्रश. प्लायवर डोळा काढलात तर चित्र, साच्यातून निघालेल्या मूर्तीवर काढलात तर सजावट.

भारताचा १९५७ चा कॉपीराइट कायदा जास्त दिलदार आहे. त्यात चित्र, शिल्प, रेखाटन ‘कलात्मक कृती’ ठरतं, मग त्यात कलात्मक गुण असो वा नसो. शब्दशः असंच लिहिलंय. चांगलं-वाईट ठरवायची कटकट कायद्याने अंगावर घेतलेलीच नाही.

शेठच्या धमकीचं उत्तरही याच कायद्यात आहे. पगारावर असताना नोकरीचा भाग म्हणून जे काढाल, त्याचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा. तेव्हा कारखान्यासाठी बसवलेल्या एखाद्या मूर्तीची हुबेहूब नक्कल शेजारच्या कारखान्याला करून दिलीत, तर शेठला बोलायला जागा आहे. नगावर पैसे घेत असाल तर ती नोकरी धरायची का, इथेच वाद निघू शकतो. नगाचे हिशोब लिहिलेली वही जपून ठेवा. पण शैलीवर कोणाची मालकी नसते. पापणीला तुम्ही देता तो बाक, रेषा उचलायची तुमची पद्धत, हे हाताबरोबर येतं आणि हाताबरोबर जातं. घरी, स्वतःच्या वेळात, स्वतःच्या प्लायवर काढलेले माणसांचे डोळे तुमचेच. चोरीबिरी काही नाही. कलम ५७ प्रमाणे तर हक्क विकल्यावरही ‘हे काम माझं’ असं म्हणायचा अधिकार करणाऱ्याकडे राहतो. नोंदणी सक्तीची नाही. करायचीच असेल तर एका चित्रकृतीची सरकारी फी ५०० रुपये.

आपल्या जवळचं एक उदाहरण देतो. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. वारली चौक म्हणजे लग्नाच्या वेळी सुवासिनींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचं चित्र. कधी काढायचं, मध्ये कोणता देव बसवायचा, सगळं रीतीने ठरलेलं. म्हसे सत्तरच्या दशकात लग्नाशिवाय, रोज आणि कागदावर काढू लागले. तेच त्रिकोण, तेच गोल, तोच पांढरा रंग. बदललं ते एवढंच की काय काढायचं आणि कधी थांबायचं हे ते स्वतः ठरवू लागले, आणि मासेमारीचं अख्खं जाळं चित्रभर पसरू लागलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यावरून चौक लिहिणाऱ्या सुवासिनी कमी ठरतात असं कोणी म्हणत असेल तर आम्हाला ते पटत नाही. त्यांचं काम वेगळं, त्याचं मोल लग्नघरात. उलटही खरं : चित्रकार एम. एफ. हुसेननी उमेदीच्या काळात इथेच सिनेमाची होर्डिंग रंगवली, पण त्यामुळे शहरातलं प्रत्येक होर्डिंग कलाकृती झालं नाही.

आता तुमचे पन्नास तुकडे. सगळे एका भिंतीला ओळीने लावा आणि आठ फुटांवरून बघा. ज्यांत कारखान्याचा डोळा चोरपावलांनी शिरलाय ते आधी काढा : बाहेरचा कोपरा वर ताणलेला, पांढरा दुधासारखा, ठिपका नेहमीच्या जागी. माणसाचा डोळा असा नसतो. वरच्या पापणीची सावली बुबुळाच्या वरच्या कडेवर पडते, खालच्या पापणीला जाडी असते आणि तिची कड ओलसर असते, वय झालं की बाहेरचा कोपरा कातडीखाली झाकला जातो, आणि दोन डोळे कधीच जुळे नसतात. पांढरा निव्वळ पांढरा ठेवू नका. टायटॅनियम व्हाइटमध्ये बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचा कण टाकून तो करडट करा, नाहीतर डोळा चिकटवल्यासारखा दिसतो. एकोणीस वर्षांची सवय हा तुमचा सर्वात मोठा अडथळा आहे. हात इतका तयार की डोक्याला विचारतच नाही.

उरलेल्यांतल्या प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहा : कोणाचा डोळा, एवढाच का कापला, भुवई का घेतली किंवा का नाही. जिथे ‘छान जमला’ एवढंच सुचतं तो बाजूला. ती कसबाला दाद झाली. पन्नासातून सहा-सात उरले तरी पुष्कळ. मग तीन आठवडे एकच माणूस धरा, रोज दिसणारा. पहाटे नळाला पाणी भरताना आणि रात्री दुकानाचं शटर ओढल्यावर. प्लायच्या पंधरा पाट्या, एकाच मापाच्या. पहिल्या पाच सुबक होतील, मधल्या पाच बिघडतील. बिघडलेल्या फेकू नका, बहुतेक वेळा त्यांतच तुम्ही काहीतरी नवं ठरवलेलं सापडतं.

प्लाय मात्र धड घ्या, कारखान्यातले उरलेले तुकडे नकोत. सहा मिलिमीटरचं मरीन प्लाय, ३० × ४५ सेंटिमीटर. प्राइमर दोन्ही बाजूंना आणि कडांना. एकाच बाजूला लावलात तर आपल्या हवेत जुलैपर्यंत वाटीसारखं वाकतं. प्राइमर म्हणून अ‍ॅक्रिलिक जेसोचे दोन-तीन हात, मध्ये २२०चा आणि शेवटी ३२०चा पॉलिश पेपर. डिस्टेंपरवर भिस्त ठेवू नका, हाताला पावडर येते. दुकानांच्या पाट्यांसाठी आणलेल्या ऑइल पेंटवर अ‍ॅक्रिलिक चढवलंत तर ते वर्षभरात पापडासारखं सुटेल. फ्लोरोसंट रंग मूर्तीला दहा दिवस टिकले तरी चालतं, इथे चालणार नाही.

फोटो ढगाळ दिवसाच्या खिडकीच्या उजेडात काढा. फ्लॅश बंद, मोबाइल चित्राला समांतर, दोनेक मीटर मागे सरकून २एक्स झूमवर. जवळून काढलं तर कडा फुगतात. खाली लिहायचं : नाव, वर्ष, अ‍ॅक्रिलिक, प्लायवुड, माप आधी उंची मग रुंदी. सोबत शंभर-दीडशे शब्दांत तुम्ही काय करता ते, ‘आत्म्याचा आरसा’ वगैरे न घालता. कला संचालनालयाच्या राज्य कला प्रदर्शनात विद्यार्थ्यांचा वेगळा आणि कलाकारांचा वेगळा विभाग असतो. जाहिरात आली की अटी नीट वाचून अर्ज करा. १८८८ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी आणि १९१८ मधली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया याही प्रदर्शनं भरवतात, त्यांच्याही जाहिरातींवर नजर ठेवा. जहांगीर आर्ट गॅलरीचा हॉल मिळायला काही वर्षं थांबावं लागतं, त्याच्या नादी आत्ताच लागू नका. नकार येईल. तो कामाला असतो, आणि पुष्कळदा जागेच्या टंचाईमुळे.

कार्डाचं म्हणाल तर हसणार कोणी नाही, पण समजणारही कोणी नाही. या शहरात मेकअप आर्टिस्ट, मेंदी आर्टिस्ट, नेल आर्टिस्ट आणि गर्दीत उभा राहणारा ज्युनिअर आर्टिस्ट, सगळे आर्टिस्ट. मराठीत ‘कलाकार’ म्हटलं की लोक विचारतात, कुठल्या मालिकेत? ‘गणेशमूर्ती : डोळ्यांची आखणी’ असं छापा. ज्याला गरज आहे त्याला तेवढ्यात कळतं, आणि असं लिहिलेलं दुसरं कार्ड त्याने पाहिलेलं नसेल.

‘कारागीर’ या शब्दाची मात्र लाज बाळगू नका, त्याला सरकारदरबारी पैसे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत मूर्तिकार आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोजचे ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० पर्यंत, आणि तारण न ठेवता आधी एक लाख, ते फेडलं की दोन लाख कर्ज, ५ टक्के व्याजाने. घरातल्या एकालाच मिळतं. नुसती आखणी त्यात बसते का, हे आधार कार्ड घेऊन कॉमन सर्व्हिस सेंटरवर विचारा. तिथे ‘आर्टिस्ट’ म्हणून गेलात तर यादीत तो शब्दच नाही.

आणि वार्निश. जूनपासून सप्टेंबरपर्यंत प्लायवरच्या चित्रांना ते लावू नका. दमट हवेत ते दुधाळ होतं आणि गडद बुबुळावर धुकं चढल्यासारखं दिसतं. तसाही त्या महिन्यांत तुम्हाला वेळ नाही. दसरा उलटून हवा कोरडी झाली की मॅटचे दोन पातळ हात द्या, आणि भिंतीला लावताना मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे पाच मिलिमीटरचे तुकडे चिकटवा. चाळीच्या भिंतीला पाठ टेकली की बुरशी तिथून सुरू होते.